बीडच्या हवेत इग्वाना : पिंजऱ्याची निवड आणि मांडणी

बीड शहर आणि मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हेराक्रूझ हे बंदर ही दोन्ही स्थळे विषुववृत्तापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, म्हणजे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर वसलेली आहेत. दोन्हीकडे वर्षातील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. मे महिन्याच्या मध्यास सूर्य दोन्हीकडे बरोबर माथ्यावर येतो. तथापि हे साम्य येथेच संपते. व्हेराक्रूझला आखातावरून येणारे दमट वारे आणि वर्षाकाठी दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस लाभतो. बीडच्या वाट्याला बालाघाटच्या पठाराची कोरडी हवा आणि साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस येतो, आणि तोही भरवशाचा नाही. हिरवा इग्वाना हा व्हेराक्रूझच्या हवेतला प्राणी होय. मेक्सिकोपासून दक्षिणेस ब्राझील व पॅराग्वेपर्यंतच्या नदीकाठच्या अरण्यांत उंच फांद्यांवर राहणारा हा सरडा पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून जगभर पोहोचला आणि गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील हौशी लोकांच्या घरांतही दिसू लागला. तो बीडसारख्या जिल्ह्यात ठेवावयाचा झाल्यास पिंजरा कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर सुतारकामाचा वाटतो. वस्तुतः तो हवेचा, पाण्याचा आणि विजेचा प्रश्न आहे.

प्रथम एका गैरसमजाचे निराकरण करणे अगत्याचे आहे. आपल्याकडील घोरपड पाहिलेल्या माणसास इग्वाना हा तिचाच हिरवा भाऊबंद वाटतो, व घोरपड जर डोंगराच्या कपारीत बिनधोक जगते तर हाही जगेल असे तो गृहीत धरतो. दोन्ही प्राणी सरड्यांच्या मोठ्या गटातले खरे, परंतु त्यांची कुळे वेगळी व जीवनक्रमही वेगळा. घोरपड मांसाहारी असून जमिनीत बीळ करून किंवा खडकांच्या फटींत राहून कोरड्या उन्हाळ्यावर मात करते. इग्वाना पूर्ण शाकाहारी व वृक्षवासी असून बहुधा पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसतो व संकट दिसताच पाण्यात उडी घेतो. बिळात शिरून उन्हाळा काढण्याची विद्या त्याला अवगत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही दोहोंत महदंतर आहे. घोरपड ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने ती पकडणे व पाळणे हा गुन्हा ठरतो. शेतात किंवा घरात ती आढळल्यास वनविभागास कळवावे, हाच मार्ग. शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे जखमी वन्यप्राण्यांची शुश्रूषा करणारे ‘सर्पराज्ञी’ हे केंद्रही आहे. इग्वाना परदेशी असला तरी तोही कायद्याच्या कक्षेबाहेर नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी जातींसाठी २०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमात चौथी अनुसूची नव्याने घालण्यात आली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहे, आणि इग्वानाचा समावेश तीत होतो. अशा प्राण्याची नोंदणी करण्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसृत झाले. प्राणी कोठून आला याचा कागद विक्रेत्याकडून घेणे, त्याची नोंद करणे, पुढे त्याचे हस्तांतर किंवा मृत्यू झाल्यास तेही कळविणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे. कागद नसलेला प्राणी स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. त्याच्यासाठी पिंजरा उभारण्याचा विचार तेथेच सोडून द्यावा.

पिंजऱ्याच्या आकाराविषयी बहुतेकांची फसगत होते, आणि तिचे कारण उघड आहे. विकत मिळणारे पिल्लू शेपटीसह वीतभर असते. ते पाहून गिऱ्हाईक मासे ठेवण्याची काचपेटी घेऊन येते. परंतु नीट पोसलेले हे पिल्लू पहिल्याच वर्षात त्या पेटीच्या बाहेर जाते व तीन-चार वर्षांत शेपटीसह चार ते पाच फूट लांब होते. मोठे नर सहा फुटांपर्यंत जातात व त्यांचे वजन पाच-सहा किलो भरते. आयुर्मान पंधरा ते वीस वर्षांचे. म्हणून खर्च एकदाच करावयाचा असेल तर तो पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या मापाने करावा. सहा फूट उंच, सहा फूट लांब व तीन फूट खोल हे माप किमान समजावे. उंची येथे शोभेसाठी नाही. माणसाच्या नजरेच्या खाली बसावे लागल्यास हा प्राणी सतत भेदरलेला राहतो. वरच्या फांदीवर, पाहणाऱ्याच्या डोक्याच्या पातळीवर बसावयास मिळाले म्हणजे तो शांत होतो. तीन फूट खोलीचेही कारण आहे: शेपटी भिंतीला न घासता त्यास वळता आले पाहिजे. घासून व अडकून शेपटीचा तुकडा गळून पडतो. तो पुन्हा वाढतो, पण पूर्वीच्या रूपात क्वचितच.

आता पिंजरा कशाचा करावा हा खरा प्रश्न. बीडमधील कोणाही वेल्डिंगवाल्याकडे गेल्यास तो पक्ष्यांसाठी किंवा कोंबड्यांसाठी करतो तसा लोखंडी अँगलचा व चारही बाजूंनी जाळीचा पिंजरा दोन दिवसांत करून देईल. असा पिंजरा हलका, मजबूत व धुण्यास सोपा असतो. असे असूनही घरात वर्षभर ठेवण्यासाठी तो अयोग्य आहे, आणि याचे कारण थोड्या हिशेबाने स्पष्ट होते.

इग्वानास दिवसा सुमारे ३० अंश सेल्सिअस हवा आणि ६५ ते ८० टक्के सापेक्ष आर्द्रता लागते. जानेवारीतील सकाळी बीडची हवा १२ अंशांवर व सत्तर टक्के आर्द्र असते असे धरू. ही हवा दमट वाटते, परंतु तिच्या प्रत्येक घनमीटरात बाष्प असते केवळ साडेसात ग्रॅम. तीच हवा पिंजऱ्यात नेऊन ३० अंशांपर्यंत तापविली म्हणजे तिची सापेक्ष आर्द्रता पंचवीस टक्क्यांपर्यंत खाली येते, कारण तापलेल्या हवेची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती जवळजवळ तिपटीने वाढलेली असते. ती पासष्ट टक्क्यांवर आणण्यास प्रत्येक घनमीटरामागे आणखी बारा ग्रॅम पाणी हवेत मिसळावे लागेल. वर सांगितलेल्या मापाच्या पिंजऱ्यात सुमारे तीन घनमीटर हवा मावते. म्हणजे एका भरणीस सदतीस ग्रॅम, दोन-तीन मोठे चमचे पाणी पुरते. यात अवघड काहीच नाही. अडचण आहे ती हवा टिकविण्याची. तीन बाजू बंद असलेल्या पिंजऱ्यातील हवा तासाला एकदा बदलते असे मानले तर दिवसाकाठी एक लिटरहून कमी पाण्यात काम भागते. चारही बाजूंनी जाळी असल्यास तीच हवा तासाला वीस वेळा सहज बदलेल, आणि मग दिवसाला अठरा लिटर पाण्याची वाफ करूनही आर्द्रता हाती लागणार नाही. हिशेब ढोबळ आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ढोबळ नाही. एप्रिलमध्ये टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या जिल्ह्यात तर तो दुर्लक्षिता येण्याजोगा नव्हे.

आर्द्रता न मिळाल्यास काय होते हे लगेच दिसत नाही, हाच मोठा धोका. हा प्राणी भांड्यातले पाणी फारसे पीत नाही. अरण्यात त्याची गरज पानांतील रसाने व पानांवर साचलेल्या दवाने भागते. कोरड्या हवेत तो महिनोन्‌महिने थोडाथोडा शुष्क होत जातो. प्रथम कात तुकड्यातुकड्यांनी निघू लागते व बोटांभोवती आणि शेपटीच्या टोकाशी तिची कडी अडकून रक्तप्रवाह थांबतो. आत मूत्रपिंडांवर ताण येत राहतो. पाच-सहा वर्षांचा, वरून धडधाकट दिसणारा इग्वाना अचानक खाणे सोडतो तेव्हा पुष्कळदा मूत्रपिंडे निकामी झालेली असतात, आणि त्या अवस्थेत पशुवैद्यकाच्याही हाती थोडेच उरते.

यास्तव घरातील पिंजरा तीन बाजूंनी व वरून बंद असावा. बारा मिलिमीटर जाडीचे पाणी सोसणारे प्लायवुड, आतून विषारी नसलेल्या रंगाचे दोन-तीन हात, सांधे सिलिकॉनने बुजविलेले आणि पुढील बाजूस काचेची किंवा ॲक्रिलिकची दारे अशी रचना इष्ट होय. रंग दिल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन आठवडे पिंजरा उघडा ठेवावा. हवेसाठी एका बाजूस खाली व विरुद्ध बाजूस वर अशी दोन जाळीची झरोकी पुरेत. त्यांवर सरकती झडप बसविल्यास ऋतुमानानुसार ती कमीअधिक उघडता येतात. झरोके मुळीच न ठेवणे हाही दोषच आहे, कारण कोंदट ओलाव्यात बुरशी धरते व कातडीवर फोड येतात. काचेच्या दारांत नर इग्वानास स्वतःचे प्रतिबिंब दिसून तो प्रतिस्पर्ध्यावर धावावे तसा धावतो. काचेचा खालचा भाग कागदाने झाकला म्हणजे हा प्रकार पुष्कळसा थांबतो.

प्लायवुडच्या पेटीचा दुसरा लाभ उष्णतेचा आहे. बीडच्या उन्हाळ्याचा बोभाटा मोठा असल्याने येथे प्राण्याला ऊब देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही असे अनेकांस वाटते. डिसेंबर-जानेवारीतील पहाट त्यांच्या लक्षात राहिलेली नसते. त्या दिवसांत उघड्यावर पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो व पत्र्याच्या छताखालील खोली त्याहून फार उबदार नसते. इग्वानाचे शरीर स्वतःची उष्णता निर्माण करीत नाही. रात्री बावीस-तेवीस अंश आणि दिवसा बसावयाच्या एका जागी पस्तीस-छत्तीस अंश मिळाले तरच त्याच्या आतड्यातील सूक्ष्मजीव पाने आंबवून पचवू शकतात. थंड राहिलेल्या पोटात पाने तशीच कुजतात. अमेरिकेतील फ्लॉरिडा येथे मोकाट सुटलेले इग्वाना २०१८ व २०२० च्या जानेवारीतील थंडीत ताठरून झाडांवरून खाली पडले होते. बीडची थंडी इतकी कडक नाही, पण फ्लॉरिडाचा गारठा दोन दिवसांत ओसरतो व बीडचा दोन महिने रेंगाळतो.

खोलीत सोळा अंश असताना पिंजऱ्यात तेवीस अंश राखावयाचे तर नुसत्या प्लायवुडच्या, वर दिलेल्या मापाच्या पेटीस ढोबळ मानाने २८० वॅट उष्णता सतत पुरवावी लागेल. दोन प्लायवुडच्या मध्ये इंचभर थर्माकोल भरल्यास हीच गरज शंभर वॅटच्या आत येते. थर्माकोल उघडा मात्र ठेवू नये. नखांनी कुरतडून प्राणी तो खातो. उष्णतेसाठी प्रकाश न देणारे, चिनीमातीचे तापक दिवे मिळतात. ते थर्मोस्टॅटमार्फत चालवावेत व त्यांना जाळीचे आच्छादन असावे. जमिनीवर ठेवावयाचे तापते दगड दुकानदार आग्रहाने विकतात. ते घेऊ नयेत. ऊन वरून येते अशीच या प्राण्याची जन्मजात जाणीव असल्यामुळे पोटाखाली भाजत असतानाही तो उठत नाही. वीज जाण्याचा प्रश्न आहेच. ज्या जिल्ह्यात परळीचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे, त्या जिल्ह्यात भारनियमनाचे दुःख नव्याने सांगावयास नको. आणि २०१३ मध्ये ते केंद्रच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, यावरून येथे पाणी व वीज यांचे नाते किती जवळचे आहे हे दिसते. थर्माकोलच्या भिंतींचा पिंजरा वीज गेल्यावर लवकर थंडावत नाही. लांबलेल्या रात्रीसाठी फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवाव्यात.

उन्हाळ्यात चित्र पालटते, आणि येथे बीडच्या माणसाची परंपरागत युक्ती उपयोगी पडते. मे महिन्यातील दुपारी चाळीस अंश उष्ण व वीस टक्के आर्द्र असलेली हवा ओल्या वाळ्याच्या ताटीतून आली की ती सव्वीस-सत्तावीस अंशांवर येते व तिची आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्के होते. म्हणजे ज्या हवेसाठी हिवाळ्यात दिवे, पाणी व बंद भिंती यांची खटपट करावी लागते, ती हवा उन्हाळ्यात वाळ्याची एक ताटी देऊन जाते. हिवाळ्यात तापविणे व ओलावा राखणे ही कामे परस्परविरोधी असतात, उन्हाळ्यात थंडावा व ओलावा जोडीने येतात. म्हणून बीडमध्ये पिंजऱ्याची खरी परीक्षा जानेवारीत होते, मेमध्ये नव्हे. घरगुती कूलर तासाला कित्येक लिटर पाणी ओढतो, तेव्हा पाण्याची ओढ असेल तेथे खोलीभर कूलर चालविण्याऐवजी पिंजऱ्याच्या झरोक्यापुढे ताटी लावून ती दोन-तीनदा भिजविणे काटकसरीचे ठरेल. पत्र्याखाली किंवा गच्चीवर मात्र पिंजरा कदापि ठेवू नये. बंद काचेवर थेट ऊन पडल्यास पाऊण तासात आतील प्राणी मरू शकतो.

ऊन तर हवेच, पण वेगळ्या रीतीने. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांचा एक भाग कातडीवर पडला म्हणजे तेथे ‘ड’ जीवनसत्त्वाचा पूर्वद्रव्यापासून उगम होतो व त्यावाचून अन्नातील कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचत नाही. हे किरण न मिळालेल्या पिलांचे जबडे मऊ पडतात, पाय वाकतात, पाठीचा कणा नागमोडी होतो. खिडकीची साधी काच हे किरण अडविते, त्यामुळे काचेआडून दिवसभर ऊन खाणारा इग्वानाही उपाशीच म्हणावयाचा. विशिष्ट नळीदिवे मिळतात. ते बसण्याच्या फांदीपासून फूटभर अंतरावर, मध्ये काच किंवा प्लास्टिक न येऊ देता लावावेत. त्यांचा प्रकाश डोळ्यांना तसाच दिसत राहिला तरी जंबुपार अंश महिन्यागणिक क्षीण होतो, म्हणून वर्ष होण्यापूर्वीच नळी बदलणे आवश्यक असते. परंतु बीडमध्ये या बाबतीत निसर्ग उदार आहे. व्हेराक्रूझचा जो सूर्य तोच येथला. वेल्डिंगवाल्याचा जो जाळीचा पिंजरा घरासाठी नाकारला, तोच येथे कामास येतो: चार फूट उंचीचा, चाकांवरचा, अर्धा भाग गोणपाटाच्या सावलीत असलेला पिंजरा अंगणात ठेवून सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास प्राण्यास तासभर त्यात सोडावे. जाळीचे छिद्र अर्ध्या इंचाहून मोठे नसावे व तारेवर प्लास्टिकचा लेप असावा, नाहीतर नखे अडकतात व नाकपुडीभोवतीची कातडी घासून सोलते. घारीपासून व मांजरापासून रक्षण करण्यास एक माणूस जवळ असावाच. थोडक्यात, या हवेत एका इग्वानास दोन पिंजरे लागतात.

आतील मांडणीविषयी विस्ताराने लिहिण्याजोगे फारसे नाही. पेरूच्या किंवा चिंचेच्या, प्राण्याच्या अंगाएवढ्या जाडीच्या वाळलेल्या फांद्या तिरप्या बसवाव्यात. एक टोक दिव्याखाली, दुसरे थंड कोपऱ्यात, म्हणजे प्राणी आपली ऊब स्वतः निवडील. फांद्या खिळ्यांनी नव्हे, तर बाहेरून स्क्रूने पक्क्या कराव्यात. हिरवळीसाठी जास्वंदीची कुंडी चालते व तिची पाने-फुले त्याचे खाद्यही होतात. कण्हेर, रुई, एरंड, धोत्रा आणि दिवाणखान्यात हौसेने ठेवली जाणारी डिफेनबेकिया ही झाडे आसपासही नकोत. तळाशी वाळू, लाकडाचा भुसा किंवा उसाचे पाचट घालू नये. पाचट ऊसतोडीच्या या जिल्ह्यात फुकट मिळते हा मोह खरा. परंतु ओलाव्याने त्यास बुरशी येते व गिळलेले तुकडे आतड्यात अडकतात. जुनी वर्तमानपत्रे किंवा धुता येणारी शहाबादी फरशी हे दोन्ही उपाय त्याहून सरस.

पाण्यासाठी अंग बुडेल एवढे पसरट घमेले तळाशी ठेवावे. इग्वाना बहुधा पाण्यातच विष्ठा करतो. म्हणून स्वच्छता एका जागी करता येते, पण पाणी रोज बदलावे लागते. हे वीस-पंचवीस लिटर पाणी टाकून देववत नसेल तर ते लिंबाच्या किंवा चिंचेच्या मुळाशी घालावे, कोथिंबिरीच्या वा पालकाच्या वाफ्यात कधीही नाही. निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या आतड्यातही साल्मोनेला हे रोगजंतू असतात. त्याच कारणाने पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर असावा, भांडी वेगळी असावीत, हात साबणाने धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांस प्राण्यास हाताळू देऊ नये. काचेवर पांढरी पूड जमलेली दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही. नाकातील ग्रंथींवाटे शिंकून तो अंगातील जादा क्षार बाहेर टाकतो.

दारास कुलूप हवे, आणि ते केवळ चोरासाठी नाही. फ्लॉरिडा, पोर्टो रिको, तैवान, थायलंड अशा ठिकाणी पिंजऱ्यातून सुटलेले किंवा मालकाने कंटाळून सोडलेले इग्वाना रानटी झाले असून पिकांची, बांधांची व स्थानिक प्राण्यांची हानी करीत आहेत. मादी एका वेळी वीस ते सत्तर अंडी घालते. बीडचे कोरडे माळ त्यांना मानवणार नाहीत असे म्हणता येईल. पण गोदावरीच्या काठची किंवा माजलगाव धरणालगतची बारमाही हिरवळ मानवणार नाही असे कोण खात्रीने सांगेल? प्राणी सांभाळणे अशक्य झाल्यास तो नोंदणीसह दुसऱ्या जाणत्या माणसाकडे द्यावा किंवा वनविभागास कळवावे. नदीकाठी वा नायगावच्या मयूर अभयारण्यात नेऊन सोडणे हा मार्ग नव्हे.

पिंजरा तयार झाल्यावर प्राणी लगेच आणू नये. दोन तापमापक, एक वरच्या फांदीपाशी व एक तळाशी, आणि मध्यावर एक आर्द्रतामापक लावून रिकामा पिंजरा निदान आठ दिवस चालवावा. शक्य तर हे दिवस डिसेंबर किंवा जानेवारीतील असावेत. पहाटे पाच, दुपारी दोन व रात्री दहा या वेळांचे आकडे वहीत टिपावेत. एका रात्री मुद्दाम चार तास वीज बंद ठेवून पारा किती उतरतो ते पाहावे. पहाटेचा आकडा वीस अंशांखाली किंवा दुपारची आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली जात असेल तर झडपा, थर्माकोल व दिवे यांची मांडणी बदलून पुन्हा आठ दिवस थांबावे, आणि तरीही आकडे जुळत नसतील तर प्राण्याची मागणी रद्द करावी.